मिठाच्या पेटीतली पट्टी

९ ऑगस्ट

मेहुणे यांस,

तुमच्या तीन प्रकारच्या वस्तू इथे राहिल्या आहेत : फवाऱ्याची नोझल, तोंडावर बांधायचा मास्क आणि खुंटीवरचा करडा स्वेटर. नोझल मी स्वतः थिनरने धुऊन, कोरडी करून डबीत ठेवली आहेत. मास्कचा पट्टा सैल झाला आहे. स्वेटर कुणी विणला हे मला माहीत असल्यामुळे तो टपालाने पाठवण्याचा धोका मी पत्करणार नाही. तो तुम्ही स्वतः येऊन न्यावा.

हे पत्र मात्र वस्तूंसाठी नाही. तुम्ही सध्या ज्या कारखान्यात कामाला लागला आहात, त्याच्या मालकांनी मला लिहिले आहे. त्यांचे दोन प्रश्न आहेत. फवारणीच्या खोलीत तुमच्यावर विसंबता येईल का, आणि इतक्या वर्षांचे घरचे काम सोडून तुम्ही का निघालात. माझे उत्तर येईपर्यंत ते तुमच्या हाती फवारा देणार नाहीत. तोवर तुम्हाला माल उचलून ठेवण्याचे काम करावे लागेल, असे त्यांनी सभ्य शब्दांत कळवले आहे.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच पट्टीपाशी येऊन थांबते. विमानाच्या इंजिनाच्या पात्यांची प्रत्येक तुकडी लेपाला निघाली की त्याच पोलादाची एक पट्टी तिच्याबरोबर निघते. लेप धरावा म्हणून वाळू मारणे, नको तिथे लेप बसू नये म्हणून टेप लावणे, फवारणी, भट्टी, जे पात्यांचे तेच पट्टीचे. मग पाती फडताळात थांबतात आणि पट्टी पुढचे काही आठवडे मिठाच्या पेटीत खारे धुके खात लटकते. पट्टी टिकली तर पाती ग्राहकाकडे जातात. जुलैमध्ये आपल्या पट्टीवर लेपाखालून अंगठ्याएवढा तांबूस डाग वर आला. वाळू मारलेल्या उघड्या पोलादाला कुणाचा तरी उघडा अंगठा लागला होता, घामातले मीठ लेपाखाली कोंडले गेले होते आणि पेटीने ते बाहेर आणले. मी वाणिज्य शाखेचा असलो तरी एवढे मलाही कळते.

मी विचारले, हा अंगठा कुणाचा. तुम्ही म्हणालात, माझाच. त्यानंतर मी जे बोललो ते सर्वांनी ऐकलेले आहे. त्याची पुनरुक्ती करत नाही.

माझी अडचण अशी आहे. त्या खोलीत मी तुम्हाला हातमोज्यांशिवाय कधीही पाहिलेले नाही. मग त्या दिवशी हात उघडा कसा होता, हे एका वाक्यात कळवावे. कारण कळले तर मी ते कारण लिहीन. न कळले तर 'निष्काळजीपणा' असे लिहावे लागेल, कारण दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. पदरचे काही लिहिणे मला जमत नाही, याची तुम्ही आणि तुमची ताई टेपच्या टेबलाशी बसून थट्टा करत होता, ती मला ऐकू येत असे.

ती गेल्यापासून इथे आवाज कमी आहे, एवढेच. काम व्यवस्थित चालू आहे.

व्यवस्थापक


२१ ऑगस्ट

पिचकारीस,

हे नाव ताईने ठेवलेले. मी कधी वापरले नाही. आज कागदावर लिहून पाहिले. बरे दिसते.

तुझे उत्तर आले नाही. मागच्या पत्रात मी 'तुम्ही' लिहिले हे त्याचे एक कारण असू शकते. तू अर्ध्या चड्डीत असल्यापासून मी तुला ओळखतो. ते 'तुम्ही' रागाचे होते. आणखी एक दुरुस्ती करायची आहे. 'काम व्यवस्थित चालू आहे' हे विधान बरोबर नव्हते. तू गेल्यापासून फवारणीची खोली बंद आहे. ग्राहकाने मान्य केलेला फवारणारा आपल्याकडे एकच होता. ज्या तुकडीची पट्टी नापास झाली, तिच्या पात्यांचा लेप मी नियमाप्रमाणे कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उतरवून घेतला. ती उघडी पाती आता तेल लावून, कागदात गुंडाळून पडून आहेत. आपले भट्टीवाले एकटेच रोज वेळेवर येतात, थंड भट्टीपाशी बसून वर्तमानपत्र वाचतात आणि वेळेवर जातात. परवा मी त्यांना म्हणालो की भट्टी निदान आतून साफ करून घ्यावी. ते वर्तमानपत्र न सोडता म्हणाले,

"दोनदा केली साहेब. आता आणखी घासली तर भोक पडेल."

मग पान उलटत म्हणाले, "एक विचारू का? पट्टी नापास झाली म्हणून पाती कॉस्टिकमध्ये टाकली, ते ठीक. माणूसही टाकायचा असतो का?"

मी त्यांना सांगितले की मेहुण्यांनी स्वतः कबूल केले आहे. ते म्हणाले, "हो, मी होतो ना तिथे. तुम्ही विचारलंत कुठे, तुम्ही तर उलटतपासणी घेत होतात."

तुझी ताई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मला त्या दिवसांत काहीतरी असे हवे होते ज्यात चूक कुणाची ते ठरवता येते. डॉक्टरांनी कुणाचीच चूक नाही असे सांगितले होते.

हे मी का लिहितो आहे ते कळत नाही. दुसरे काही लिहितो.

हजेरीच्या यंत्रावर रोज सकाळी मी आणि भट्टीवाले असे दोघेच अंगठा लावतो. यंत्र चार नावे दाखवते आणि दोघांपुढे 'गैरहजर' लिहिते. ते बसवले तेव्हाचे तुला आठवत असेल. ताईच्या उजव्या अंगठ्याला ते शेवटपर्यंत बधले नाही. ती लावी, ते 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणे. तुम्ही दोघे दारात हसत उभे होता. ती म्हणाली, "अगदी तुझ्या भाऊजींसारखं आहे रे हे. समोर उभी आहे ते दिसतंय, तरी पुरावा मागतंय." शेवटी डावा अंगठा नोंदवावा लागला.

आणि माझा इथला पहिला आठवडा. इंजिनात शिरणारी हवा दाबून दाबून इतकी तापते की साधा रंग जळून जाईल, आणि समुद्रावरून आलेली असेल तर मीठही घेऊन येते, म्हणून हा ॲल्युमिनियमच्या कणांचा लेप, असे तू मला समजावत होतास. मी विचारले होते की हा लेप स्वतःच झिजणार असेल तर त्याचा उपयोग काय. तू म्हणालास, "भाऊजी, तोच तर उपयोग. आधी तो जातो, म्हणून पोलाद राहतं." टेपच्या टेबलावरून ताई मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे याला मोठी बहीण म्हणतात."

घरी तिने सगळ्या डब्यांवर कारखान्यातल्या टेपचे तुकडे चिकटवून नावे लिहिली आहेत. ती टेप भट्टीची उष्णता सोसते. स्वयंपाकघरात ती सुटण्याचा प्रश्न येत नाही. वरच्या फळीवरच्या एका डब्यावर लिहिले आहे : 'विचारल्याशिवाय उघडू नये'. आता कुणाला विचारायचे हे न कळल्यामुळे तो मी उघडलेला नाही.

त्या मालकांचे पुन्हा पत्र आले आहे. मी वेळ मागून घेतला आहे. माझे वाक्य अडले आहे ते तुझ्यामुळे.

भाऊजी


२ सप्टेंबर

पिचकारीस,

ग्राहकाच्या तपासनीसांनी कळवले आहे की पट्टीवरचा लेप उतरवून खालच्या पोलादाची स्थिती पाहावी आणि डागाचे वर्णन द्यावे. उद्या सकाळी मी स्वतः ते करणार आहे. पट्टी अजून माझ्या कपाटात आहे. तक्रार मिटेपर्यंत ती ठेवावी लागते.

मी आज दिवसभर जूनमधला तो दिवस मांडून पाहत होतो. मी ग्राहकाकडे गेलो होतो. कारखान्यात तू होतास, भट्टीवाले होते, आणि बऱ्याच आठवड्यांनंतर ताई आली होती. घरात बसून छताचे पोपडे मोजण्यापेक्षा टेप लावलेली बरी, असे म्हणून आली. ती इथे आल्याचा तो शेवटचा दिवस. तिचा विचार करण्याचे कारण नाही. भिंतीवरचा 'वाळू मारल्यावर उघडा हात नको' हा कागद तिच्याच अक्षरात आहे आणि नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी तो मोठ्याने वाचायला लावत असे. मलाही लावला होता.

तेव्हा एक शंका मी तुला स्पष्ट विचारतो. 'माझाच' हे तू फार लवकर म्हणालास. पट्टी माझ्या हातात होती. तू तिच्याकडे पाहिलेही नव्हतेस. ज्या माणसाला फवारणीतला सुईएवढा खळगा पलीकडच्या भिंतीपासून दिसतो, तो स्वतःचा अंगठा पाहायला दोन पावले पुढे येत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. खटकले होते. पण मी तेव्हा बोलत होतो.

तू कुणाला पाठीशी घालतो आहेस का? भट्टीवाल्यांना मी आज सरळ विचारले. त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या टेबलावर ठेवले.

"बघा. भट्टीनं केव्हाच पुसलेत. बँकेतसुद्धा माझा अंगठा चालत नाही, सही करावी लागते. मिठाच्या पेटीला काय दिसणार?"

"मग कुणाचा?"

"मेहुण्यांनी सांगितलंय ना त्यांचा म्हणून?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं," ते म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या. डबा तसाच पडलाय."

त्यांच्या बायकोने पाठवलेला डबा आहे. रोज पाठवतात. मी हे तुला आधी लिहिले नव्हते.

भाऊजी


३ सप्टेंबर

धाकट्या,

आज पट्टी कॉस्टिकमध्ये सोडली. बुडबुडे थांबले की लेप उतरला असे समजायचे, हे तूच मला शिकवलेस. ते थांबल्यावर काढली, धुतली, भट्टीवाल्यांनी भट्टी थोडी उबदार करून दिली, तीत वाळवली आणि खिडकीपाशी नेली.

लेपावर नुसता तांबूस डाग होता. त्याच्याखाली, पोलादावर, रेषा आहेत. अंगठ्याच्या सगळ्या रेषा, एकात एक, मिठाने कोरल्यासारख्या. मी भिंग लावले. तपासनीसांना डागाची लांबी आणि रुंदी हवी होती. लांबी मोजली. रुंदी मोजताना लक्षात आले की तुझा अंगठा यात मावणार नाही.

मग रेषांना छेदून जाणारी ती तिरपी, गुळगुळीत चीर दिसली.

टेप अंगठ्यावर ताणून धरायची आणि ब्लेड स्वतःकडे ओढायचे, ही तिची पद्धत. ब्लेड बाहेरच्या बाजूला ओढावे हे मी किती वेळा सांगितले असेल. "बाहेर ओढलं की टेप तिरकी कापली जाते," ती म्हणे. "अंगठा तिरका कापला तर चालतो. तो काही तपासायला जात नाही." त्या कापण्याने उजव्या अंगठ्यावर ही चीर कायमची पडली, आणि ती पडल्यामुळेच हजेरीचे यंत्र तिला ओळखत नव्हते.

भट्टीवाले म्हणाले, "काय झालं, साहेब?"

मी म्हणालो, "लांबी लिहून घ्या."

आकडा मात्र मला सांगता आला नाही. त्यांनी पेन खिशाला लावले आणि माझ्या हातातले भिंग काढून घेतले. त्यांनी पट्टीकडे पाहिले नाही. त्यांना पाहण्याची गरज नव्हती, हे मला आत्ता लिहिताना कळते आहे. म्हणजे इथे सगळ्यांना ठाऊक होते.

तुला वाटले की मी दोषाच्या नोंदीत तिचे नाव लाल पेनाने लिहीन, तिला जाऊन महिना होण्याच्या आत. तू माझ्यापासून तिला वाचवत होतास. यावर रागावण्याचा मी दिवसभर प्रयत्न केला. जमले नाही, कारण मी त्या दिवशी तिचे नाव लिहिले असते. त्यापुढे 'अनवधानाने' असा शब्द लिहिला असता आणि मला वाटले असते की मी फार मऊपणाने वागलो.

तो दिवस मला सांग. आता कारखान्यासाठी विचारत नाही. मी नव्हतो तिथे.

भाऊजी


१६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझे पत्र मिळाले. तू बोलतोस तसेच लिहितोस, त्यामुळे ते वाचताना खोलीत कुणीतरी आल्यासारखे झाले. त्यातला भाग मी इथे उतरवतो. माझ्या अक्षरात तो एकदा असावा असे मला वाटते.

"भाऊजी, तुम्ही गेलात आणि ताई म्हणाली, टेप सगळी मीच लावणार. औषधांनी तिच्या बोटांतलं सगळं गेलेलं. गरम कळेना, टोचलेलं कळेना. तरी पात्यांना तिने मोजे घालूनच हात लावला, एक पातं झालं की दमून बसायची. शेवटी पट्टी राहिली. तिने उजवा मोजा काढला. मी म्हटलं, ताई, मोजा. ती म्हणाली, मोज्यात बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही रे, एकदा बघू दे. मी म्हटलं, भाऊजी बघतील. ती म्हणाली, बघू देत. पट्टी आहे ही, ही कुठे उडणार आहे? मी हसलो. मग ती पण हसली. किती दिवसांनी हसली होती. टेप लावून तिने पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, सांग, सरळ लागलीय का? सरळ लागली होती. मला माहीत होतं ती पट्टी टाकून दुसरी घ्यायला पाहिजे. नाही टाकता आली. म्हणून 'माझाच' म्हणालो ते काही खोटं नाही."

म्हणजे पाती निर्दोष होती. तिने उडणाऱ्या एकाही वस्तूला उघडा हात लावला नाही. जी उडणार नव्हती तिलाच लावला. आणि मी ती सगळी पाती उघडी केली. नियमाप्रमाणे तेच योग्य होते आणि आजही मी तेच करीन; पट्टीवर विश्वास ठेवायचा नसेल तर पट्टी ठेवायचीच कशाला. पण हे वाचून मी बराच वेळ हसलो, हे तुला कळवणे मला आवश्यक वाटते. ही कुठे उडणार आहे. भट्टीवाले दारातून डोकावून गेले.

डब्याबद्दल तू शेवटी लिहिलेस तेही पाहिले. "तो डबा रिकामाच असणार. तुम्ही गोड चोरून खाता म्हणून ताईने तुम्हाला चकवायला ती चिठ्ठी लावली होती. गोड दुसरीकडेच असायचं." डबा उघडला. रिकामा आहे. झाकण परत लावले. गोड कुठे असायचे ते तू लिहिले नाहीस.

आता दोन उत्तरे, जी मी पाठवली आहेत.

तपासनीसांना लिहिले की डाग उघड्या अंगठ्याच्या स्पर्शाचा आहे आणि पट्टीपुरताच होता. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : संबंधित व्यक्तीला पुन्हा शिकवण्यात आले आहे काय? मी लिहिले, ती व्यक्ती आता कामावर नाही. या वाक्यात चूक काढता येणार नाही. तरीही ते लिहिल्यावर मी जागेवरून उठलो आणि रिकाम्या फवारणीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन खाली जोडले : त्या दिवसाची देखरेख माझ्याकडे होती.

तुझ्या मालकांना लिहिले : हा माणूस हातमोज्यांशिवाय भाग उचलत नाही. फवारणीत त्याच्यावर पूर्ण विसंबावे. तो इथून गेला त्याचे कारण मी आहे.

हे पत्र त्यांना पोचले की तुझ्या हाती फवारा येईल आणि तुला इकडे परतण्याचे काही कारण उरणार नाही, हे मला लिहिताना ठाऊक होते. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेच होते.

भाऊजी


२८ सप्टेंबर

धाकट्या,

मालकांचे आभाराचे पत्र आले. तू फवारायला लागलास आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या जुन्या फवाऱ्याचा दाब चुकीचा आहे असे त्यांना ऐकवलेस, असे कळते. त्यांनी तो तपासला आणि तो चुकीचा होता. मला यात नवल वाटले नाही. त्यांना थोडे वाटलेले दिसते.

तपासनीसांनी तक्रार मिटवली. त्यांचे शेवटचे वाक्य : पट्टी नष्ट करण्यास हरकत नाही.

ती मी नष्ट केलेली नाही. लेप उतरवलेले पोलाद उघडे राहत नाही, हे तुला सांगायला नको. चौथ्याच दिवशी एका कडेला तपकिरी सावली दिसली. मी घाईने तेल लावले. आता दर दोन दिवसांनी जुने तेल पुसतो आणि नवे लावतो. भट्टीवाले म्हणतात, "साहेब, गंज राहावा म्हणून गंजाशी भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." पुसताना मी मऊ कापड घेतो, हातमोजे घालतो, दाबत नाही. तरीही काल भिंगातून पाहिले तेव्हा वरच्या दोन रेषा मला पुसट वाटल्या. प्रत्येक वेळी पुसण्याने मी तिचा थोडा भाग नेतो आहे, आणि न पुसावे तर गंज नेईल.

माझे डोळे आता तितके भरवशाचे नाहीत. रेषा तशाच असतील आणि मलाच तसे वाटत असेल. कुणाला दाखवून खात्री करावी असे इथे कुणी नाही. भट्टीवाले अजूनही त्या पट्टीकडे पाहत नाहीत. ते कामावर असतात तोवर दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीबद्दल बोलत राहतात, आणि ते गेले की मी हजेरीच्या यंत्राचा हिरवा दिवा पाहत बसतो. त्यातून ती दोन नावे काढायला हवीत. हजेरी चुकीची दिसते आहे. ती काढलेली नाहीत.

एक काम आहे. पट्टीवर पारदर्शक लेप चढवायचा आहे. उष्णता सोसणाऱ्या, वार्निशसारख्या द्रवाचा जो एक डबा तू मागच्या कपाटात ठेवला होतास, तो अजून आहे, मुदत संपलेली नाही. मी स्वतः चढवायचे ठरवले होते. फवारा हातात घेऊन एका टाकाऊ पत्र्यावर सराव केला. पत्रा जसा दिसतो आहे तसा मी तुला दाखवणार नाही.

आधी वाळू मारता येणार नाही. मारली तर रेषाच जातील. आणि वाळू न मारलेल्या पोलादाला लेप नीट धरत नाही, हे ताईच्या अक्षरात भिंतीवर लिहिलेले आहे, त्याच कागदावर, दुसऱ्या ओळीत. तेव्हा हे काम नियमाविरुद्ध आहे, हे जाणून मी ते मागतो आहे. लेप किती टिकेल असे मी तुला विचारणार नाही. कुठल्या तरी कडेने तो सुटू लागेल. सुटला की हळूच काढावा लागेल आणि पुन्हा चढवावा लागेल, आणि काही काळाने पुन्हा.

ते एका खेपेत होण्यासारखे नाही. त्यासाठी कुणीतरी इथे असावे लागेल.

भाऊजी